खालचं दाखव

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सरचूहून केलाँगकडे निघालेल्या एका मालट्रकच्या केबिनमध्ये हिरामण वारला. तो अजिंठ्याजवळच्या एका वाडीतला, धनगराघरचा, वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. वय तिशीच्या आत. मनाली ते लेह सायकलवर निघालेल्या आमच्या शहरातल्या सात जणांच्या गटात तो सगळ्यात दमदार गडी होता.

ट्रकमध्ये त्याचं डोकं ज्या माणसाच्या मांडीवर होतं, त्या माणसाबद्दल हे लिहितो आहे. मी स्वतः त्या प्रवासात नव्हतो. घाटातलं जे लिहीन ते गटातल्या तिघांकडून, ट्रकच्या ड्रायव्हरकडून आणि एका ढाबेवाल्याकडून ऐकलेलं आहे. गटातल्या तिघांचं जिथं जुळलं तेवढंच घेतलं आहे.

बजाजनगरात आमच्या गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या वयाचेही आणि त्यांच्याहून मोठेही. कारखान्यात ते तपासणीला होते. गाडीचे सुटे भाग मशिनवरून उतरून ट्रेमध्ये रचले जायचे आणि तो ट्रे मामांच्या टेबलावर यायचा. दुसरा कुणी तपासनीस असता तर त्यानं वरचे चार नग उचलून माप घेतलं असतं. मामा मापाला हात लावायच्या आधी अख्खा ट्रे टेबलावर पालथा करायचे. खणखणाट व्हायचा. शेडमधली माणसं वळून बघायची. मामा तळाचा नग उचलायचे आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचे, "वरचं समदेच चांगलं दाखवतेत. खालचं दाखव."

बहुतेक वेळा खालच्या थरात काहीतरी असायचंच. एखादी चीर, एखादा खवला. मग ते खिशातला लाल टॅग काढून ट्रेला बांधायचे, म्हणजे अख्खा ट्रे नापास. बांधताना गाठ अशी आवळायचे की जणू नगाचा गळा आवळतायत.

"मामा, तुम्ही पगारासाठी येता का सूड घ्यायला?" एका ऑपरेटरनं एकदा विचारलं.

"दोन्हीसाठी," मामा म्हणाले.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं काम त्यांच्याबरोबर घरी येतं. मामा आठवडी बाजारात टोमॅटोचं क्रेट पालथं करायला निघत, तेव्हा भाजीवाल्या बाया दुरूनच ओरडायच्या, "आला गं बाई, क्रेट धरा!" मुलीच्या स्थळाला गेले तर बैठकीत बसायच्या आधी मागच्या दारी जाऊन मोरी आणि पाण्याची टाकी बघून आले. सोयरीक मोडता मोडता राहिली. मामी अजून सांगतात, "माझ्याबी बापाच्या घरी हे असंच करणार होते. पण तव्हा मागचं दारच नव्हतं आमच्या घराला."

राग ही मामांची रोजची भाषा होती. लाइट गेली, राग. बातमीत आकडा चुकला, राग. मग सकाळी माझ्या दारात पेपर घेऊन उभे. "पेपरवाले, हे कुणी तपासलं?" मी जिल्हा डेस्कवर उपसंपादक आहे. तपासणारा मीच असायचो.

सायकलीचं वेड मात्र शांत होतं. तरुणपणापासून ते सायकलनंच कामावर जात. शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, मशिनचं तेल कढत होतं, अंगातला सदरा पिळता येतो. अशाच एका उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले होते, "जिंदगीत एकदा थंडीनं दात वाजले पायजेत राव." ऐकणारे हसले. मामा हसले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी, हिमाचल आणि लडाखचा नकाशा लागला.

शहरातला एक सायकल गट दर रविवारी पहाटे दौलताबादला जायचा. मामा त्यात शिरले ते ओळखीनं नव्हे, भांडून. गट घाटाच्या पायथ्याशी फोटो काढत उभा होता. मामा तिथून जात होते. थांबले, एकाच्या सायकलचं मागचं चाक उचललं, फिरवलं आणि म्हणाले, "ब्रेक झिजलेत. खाली उतरताना मरशील. फोटो तोवर चांगला काढून ठेव." तेव्हापासून गटाच्या सायकली तेच तपासू लागले.

गटाचे अध्यक्ष टाइल्सच्या शोरूमचे मालक. माणूस वाईट नाही. बोलका, हौशी, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारा. कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच तोडगा होता : "पॉझिटिव्ह राहा!" मनाली-लेहची कल्पना मामांनी मांडली आणि अध्यक्षांनी उचलून धरली. बॅनर लगेच छापून आला. त्यावर बर्फ होता, अध्यक्ष होते, मामा नव्हते. मामांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी बॅनर उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मुक्कामांची आखणी केली.

ती आखणी मी पाहिली आहे. त्यात जिस्पा या गावाभोवती जाड वर्तुळ होतं. त्यांच्या चुलत भावाचा मुलगा फौजेत लेहला राहून आलेला. त्यानं सांगितलेलं मामांनी पक्कं धरलं होतं : थंडीचं काही नाही, कपडे घातले की झालं, खरी भीती विरळ हवेची. जिस्पात दोन रात्री थांबा, अंगाला हवेची सवय होऊ द्या, मगच बारालाचाची खिंड चढा. कारण खिंडीपलीकडे सरचू आहे आणि सरचूत माणूस आजारी पडला तर खाली यायला आधी पुन्हा वर चढावं लागतं. खिंड ओलांडल्याशिवाय उतार नाही.

पण आमच्याकडे उंच म्हणजे म्हैसमाळ. म्हैसमाळला हवा गार लागते, विरळ लागत नाही. विरळ हवेची तालीम कुठं करणार? थंडीची मात्र करता येत होती. म्हणून सगळ्यांनी थंडीचीच केली. ज्याला त्याला हातमोजे, कानटोप्या, थर्मल. गल्लीतल्या बायकांनी मामांसाठी पायमोजे विणले. मामी म्हणाल्या, "शहरात पाण्याची बोंब, अन् हे बर्फ बघायला निघाले."

मे महिन्यात मामांनी सगळ्यांना जालना रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नेलं. तिथला मॅनेजर त्यांचा जुना सहकारी. बाहेर डांबर वितळत होतं. आत मोसंबीच्या क्रेटांमध्ये सहा माणसं ओळीनं बसली होती, पाच जण जाड जॅकेटांत, आणि मामा समोर उभे राहून सांगत होते, "हातमोजे न काढता ट्यूब बदला."

बातमी होईल म्हणून मीही गेलो होतो. अध्यक्षांच्या परदेशी हातमोज्यांत टायर निसटत होता.

"रिजेक्ट," मामा म्हणाले.

"मामा, पॉझिटिव्ह राहा ना!"

"टायर पॉझिटिव्ह नाय राहत."

हिरामण जॅकेट घालून आलाच नव्हता. त्यानं बापाचं घोंगडं आणलं होतं. ते पांघरून तो क्रेटवर असा बसला होता की मोसंब्यांची राखण करायला ठेवलेला वाटावा. ट्यूब त्यानं सगळ्यांच्या आधी बदलली. लहानपणी बापाबरोबर मेंढरांमागे तो जिल्हे पार करून आलेला होता. बजाजनगरातून अजिंठ्याला गावी जाताना बस सोडून सायकल काढायचा. त्याला लेह बघायचं नव्हतं. त्याला तिकडची लोकरीची मेंढरं बघायची होती. फोनमध्ये त्यांचे फोटो साठवलेले. "मामा, ही बघा, शिंगं बघा हिची. बर्फात उभी हाय अन् थोबाडावर कायबी नाय!"

त्या दिवशी कोल्ड स्टोरेजमधून बाहेर आल्यावर मामांनी प्रत्येकाला विचारलं, "काय त्रास झाला?" अध्यक्ष म्हणाले, मस्त. बाकीचे म्हणाले, काही नाही. हिरामण म्हणाला, "मामा, डाव्या हाताची बोटं बधिर झाली. अजून जाग येत नाय."

मामांनी त्याचा हात हातात घेतला, चोळला, उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "तू यंदा नको. पुढच्या साली बघू."

हिरामण उठला. घोंगडं घडी करून सायकलला बांधलं आणि उन्हातून निघून गेला. पुढचे तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी आला तेव्हा म्हणाला, बोटं पहिल्या दिवशीच बरी झाली होती, डॉक्टरनं तपासलं, काही नाही. मामांनी त्याला परत घेतलं. घेताना सगळ्यांसमोर दम दिला, "रस्त्यात एक तक्रार ऐकली, तर तिथूनच गाडीत बसवून परत."

"नाय मामा. कायबी तक्रार नाय," हिरामण म्हणाला.

जिस्पाच्या मुक्कामी भांडण झालं. पोचले त्या रात्री अध्यक्षांनी सांगितलं की उद्याच निघायचं, दुसरी रात्र थांबायचं नाही. मनालीत गाडीतून सायकली उतरवताना एक दिवस गेला होता आणि इकडे शहरात सत्काराचा हॉल ठरलेला होता. पाहुण्यांची तारीख मिळाली होती. मामा उठून उभे राहिले. पुढचं तिघांनीही शब्दशः सारखं सांगितलं.

"सत्काराची तारीख आधी धरली अन् प्रवास मागून बसवला का?"

"मामा, पाहुणे मोठे आहेत. त्यांची तारीख हलत नाही."

"मग हवेला सांगा तुमची तारीख! हवा पाहुण्यांना ओळखत असंल!"

"आपण सगळे फिट आहोत. विचारा ना. कुणाला काही त्रास आहे का? बोला रे."

कुणी बोललं नाही. अध्यक्ष म्हणाले, हात वर करून ठरवू. जायचं म्हणणारे पाच हात वर झाले. मामांनी हिरामणकडे बघितलं. तो तंबूच्या दाराशी घोंगडं पांघरून बसला होता. त्यानं खाली बघत हात वर केला.

"तुला बी?" मामांनी विचारलं.

"चला की, मामा. मला कायबी नाय."

ज्या ढाब्याच्या तंबूत मुक्काम होता, त्या ढाबेवाल्यानं नंतर सांगितलं की त्याआधी संध्याकाळी हा मुलगा तंबूमागे ओकत होता. विचारलं तर म्हणाला, पित्त आहे, कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी ते झिंगझिंगबारला गेले, त्याच्या पुढच्या दिवशी खिंड ओलांडून सरचूला. खिंडीच्या माथ्यावरचा फोटो आहे. त्यात हिरामण मागे, सायकलच्या दांड्यावर डोकं टेकून उभा आहे. तो फोटो बघताना सगळ्यांना वाटलं, दमलाय.

सरचूच्या तंबूत पहाटे त्याचा श्वास वाजायला लागला. ओठ काळेनिळे झाले. तंबूवाल्याकडे ऑक्सिजनचा डबा होता, तो लावला. उजाडताच मामांनी केलाँगकडे जाणारा पहिला मालट्रक अडवला. रस्त्याच्या मधोमध झोपून अडवला, असं ड्रायव्हर म्हणतो. हिरामणला केबिनमध्ये घेतलं. ट्रक खाली जायला निघाला म्हणजे आधी वर चढायला लागला. खिंडीच्या चढावर हिरामण शुद्धीत होता. त्यानं मामांना विचारलं, "मामा, मला परत पाठवता का?"

मामा म्हणाले, "मीबी येतोय परत."

खिंड उतरून दारच्याच्या अलीकडे त्याचा श्वास थांबला. केलाँगला डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : अति उंचीमुळे फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू.

गटातल्या बाकीच्या पाच जणांनी प्रवास पुरा केला. हिरामणच्या नावानं पुरा केला, असं त्यांनी कळवलं.

आमच्या कार्यालयात आलेलं गटाचं प्रसिद्धिपत्रक माझ्या टेबलावर आलं तेव्हा मामा अजून वाटेतच होते. 'ध्येयाच्या वाटेवर असताना हिरामणला हृदयविकाराचा तीव्र झटका आला. हिमशिखरांच्या साक्षीनं त्यानं देह ठेवला.' दुसऱ्या वर्तमानपत्रांनी ते तसंच छापलं. आम्ही 'सायकलस्वाराचा मृत्यू' एवढंच छापलं, कारण दिलं नाही, कारण आमच्याकडे कागद नव्हता.

तीन दिवसांनी दुपारी मामा कार्यालयात आले. अंगावर प्रवासातलाच मळका शर्ट होता, चेहऱ्याची कातडी सोललेली. ते अजिंठ्याहून, हिरामणच्या घरून सरळ आले होते. हातात हिरामणची पाठपिशवी. मला वाटलं, बसतील. बसले नाहीत. पिशवीची चेन उघडून त्यांनी ती माझ्या टेबलावर पालथी केली. मोजे पडले, बिस्किटाचा पुडा पडला, पंक्चरची डबी पडली, आणि सगळ्यात शेवटी, तळाशी घडी करून दाबलेल्या, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडल्या.

"पेपरवाले. हे खालचं."

डेस्कवरची माणसं उठून उभी राहिली.

"हृदयविकार म्हणं! बैलासारखं काळीज व्हतं त्याचं. कुणी तपासलं हे? कुणी?" त्यांचा आवाज इमारतीभर गेला असेल. "मनालीपासून खात आला गोळ्या. मनालीपासून! शेजारी झोपत व्हतो मी त्याच्या. कामून नाय सांगितलं त्यानं? सांगा ना, तुमी शिकलेले हायेत. कामून नाय सांगितलं?"

मामांनी एक पट्टी उचलून उजेडात धरली.

"एकदा सांगितलं व्हतं त्यानं," मामा म्हणाले. "तव्हा मी काय केलं?"

मग डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. एकेक वस्तू परत पिशवीत भरली. पट्ट्या तेवढ्या भरल्या नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवल्या. जिथं लाल टॅग असायचे त्या खिशात.

कागदाच्या आधारे दुरुस्तीची बातमी दुसऱ्या दिवशी आली. आतल्या पानावर, चार ओळी. अध्यक्षांचा मला फोन आला. ते रागावले नव्हते, दुखावले होते. म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं निगेटिव्ह छापून काय मिळालं?"

सत्कार ठरल्या तारखेला झाला. व्यासपीठावर हिरामणचा फोटो होता, त्याला हार होता. फेटे सहा आणले होते. मामा येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. ते आले, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि फेटा न बांधता व्यासपीठावरच्या शेवटच्या खुर्चीत बसले. पाहुण्यांचं भाषण झालं. त्यात जिद्द होती, मराठवाड्याची माती होती. अध्यक्षांचं झालं. मग सूत्रसंचालकानं उगाच विचारावं तसं मामांना विचारलं, दोन शब्द? मामांनी माईक घेतला तो प्रेक्षकांकडे पाठ करून. ते व्यासपीठावरच्या चेहऱ्यांकडे बघत बोलले.

"जिस्पात त्या रात्री कुणाकुणाचं डोकं दुखत व्हतं? हात वर करा."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, "मामा, ही ती वेळ नाही."

"तीच वेळ हाय. तिथं हात वर करून ठरवलं ना? इथं बी करा. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर खोटं बोलू नका. कुणाचं दुखत व्हतं?"

टोकाला बसलेल्या गटातल्या एका बँकवाल्यानं हात वर केला. फेट्याच्या सोग्यात अडकून तो आधी नीट वर जाईना. मग त्याच्या शेजारच्यानं. मग अजून एकानं. अध्यक्षांनी केला नाही. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

मामांनी स्वतःचा हात वर केला.

"माझं बी दुखत व्हतं," ते म्हणाले. "लई दुखत व्हतं. म्हणलं, हीच पोरं म्हणतील, म्हातारा थकला म्हणून थांबा म्हणतोय." त्यांचा हात तसाच वर होता. "त्या पोराच्या बापानं मला विचारलं, पोराला काय व्हत व्हतं ते तुमाला दिसलं नाय का? मेंढराला ताप आला तर आमाला चालीवरून कळतं म्हणला. काय सांगू त्याला? सगळे ट्रे पालथे केले जिंदगीभर."

एवढं बोलून त्यांनी माईक खुर्चीवर ठेवला आणि मधल्या वाटेनं हॉलबाहेर गेले. सूत्रसंचालकानं आभार मानले. जेवण होतं.

त्यानंतर मामा रविवारी आले नाहीत. कारखान्यात जात होते. तिथं काय बदललं ते मला त्याच ऑपरेटरनं सांगितलं. ट्रे ते अजून पालथा करत, पण आता त्याआधी विचारत, "खाली काय हाय? तू सांग." सांगितलं तर तो नग बाजूला ठेवत, टॅग ट्रेला न बांधता फक्त त्या नगाला बांधत. नाही सांगितलं आणि सापडलं तर पहिल्यापेक्षा जास्त ओरडत. ऑपरेटर म्हणाला, "पहिल्यांदा वाटलं, फसवतायत. मग एकानं सांगून बघितलं. मग समदेच सांगाया लागले. शिव्या तेवढ्या वाचल्या नाय."

यंदा मार्चअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात कंपनीनं शाल दिली, ती त्यांनी उलटी करून शिवण बघितली. हे मी स्वतः पाहिलं. दरम्यान गटानं पुन्हा मनाली-लेहचा बेत जाहीर केला. नवा बॅनर लागला. त्यावर हिरामणचा फोटो कोपऱ्यात, अध्यक्षांचा मध्ये. मामा अध्यक्षांच्या शोरूमवर गेले आणि म्हणाले, मला न्या. सायकल चालवत नाही, गाडीत बसतो. अध्यक्षांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि सांगितलं की गटाचं वातावरण बिघडेल.

"जिस्पात दोन रात्री हायेत का यंदा?" मामांनी विचारलं.

"बघू. सत्काराची तारीख बघून ठरवू," अध्यक्ष म्हणाले.

त्या संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले.  शेवटी म्हणाले, "पेपरवाले, ढाब्याच्या आधी रस्ता दोनीकडं फुटत नाय. जिस्पावरून जावंच लागतं समद्यांना." एवढं बोलून उठले.

मे महिन्याच्या शेवटी, घाट खुला झाल्याची बातमी आली त्या आठवड्यात, ते गेले. रेल्वेनं, मग बसनं. सायकल नेली नाही. हिरामणच्या बापानं दिलेलं घोंगडं नेलं. मी मामींना विचारलं, कधी येणार? त्या म्हणाल्या, "बर्फ पडून रस्ता बंद झाला की येतील. दुसरं कुणी त्यांना हलवू शकत नाय." मग म्हणाल्या, "रागानं गेले असते तर मला काळजी नव्हती. जाताना ओरडले बी नाय माझ्यावर."

जिस्पाच्या त्या ढाबेवाल्याशी मी दोनदा फोनवर बोललो आहे. तो त्यांना 'मामूजी' म्हणतो. मामा ढाब्याबाहेर बाकावर घोंगडं पांघरून बसतात आणि जो सायकलवाला येईल, केरळचा असो की फ्रान्सचा, त्याला थांबवतात. मोडक्या हिंदीत एकच विचारतात : सर दुखता है क्या? नाही म्हणणाऱ्याच्या शेजारी बसतात, त्याच्यासाठी चहा मागवतात, आणि स्वतःची गोष्ट सांगतात की मागच्या साली इथंच माझंही दुखत होतं आणि मी बोललो नाही. चहा संपल्यावर पुन्हा विचारतात. "गुस्सा बहुत करते हैं," ढाबेवाला म्हणाला, "लेकिन जो बोल देता है उस पर नहीं करते."

आमच्या शहराचा गट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिस्पाला पोचला. गटातल्या बँकवाल्यानं केलेला फोन आणि मामींना मामांचा आलेला फोन यांत तफावत नाही. चहा झाल्यावर गटातल्या दोघांनी आपण होऊन सांगितलं की डोकं दुखतंय, रात्रीपासून. ते दोघं तिथूनच गाडीनं मनालीला उतरले आणि आता घरी आहेत. उरलेले सगळे जिस्पात दुसरी रात्र राहिले.

सत्काराची तारीख पुढे ढकलल्याचं पत्रक काल कार्यालयात आलं.